आठ दिवसांत गुण देणाऱ्या पुड्या आणि डॉक्टरांपासून लपवलेली पिशवी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सासूबाईंचं वय ५८, दीड वर्षापासून संधिवात, त्यातला रुमॅटॉइड, आठवड्यातनं एकदा मेथोट्रेक्सेट ही दवाखान्यातली गोळी चालू. मामेसासऱ्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरनं एका वैद्याकडं नेलं, तिथनं कागदी पुड्या आल्या, आठ दिवसांत बोटांची सूज उतरली आणि दीड वर्षानं सासूबाई परत भाकरी थापायला बसल्या. आता त्यांनी दवाखान्यातल्या गोळ्या बंद केल्यात. तुम्ही विचारताय की गुण आलाय तर पुड्याच चालू ठेवाव्यात का, का दोन्ही बरोबर चालतं, आणि डॉक्टरांना सांगावं का, कारण ते ओरडतात.

आधी मी कोण ते सांगतो. मी बीएएमएस, कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या बाजूला २८ वर्षं दवाखाना चालवतोय. म्हणजे तुम्ही ज्याला आयुर्वेदवाले म्हणता त्यातलाच, माझ्या कपाटात आजही सुंठ, त्रिफळा, एरंडेल असतं, त्यामुळं हा अॅलोपॅथीवाला आपल्या वैद्याच्या पोटावर पाय देतोय असं मामेसासऱ्यांना वाटायला नको.

ताई, आठ दिवसांत गुण आला याचीच मला भीती वाटली. आमच्याकडं रुमॅटॉइडला ढोबळमानानं आमवात म्हणतात, आणि गुडघे झिजतात तो संधिगत वात, दोन्ही वेगळे आजार आहेत पण घराघरात दोघांनाही संधिवातच म्हणतात, तिथनंच निम्मा घोळ सुरू होतो. आमवातात सकाळी तास-दीड तास बोटं आखडलेली, मूठ वळत नाही, दोन्ही हातांची मनगटं सारखीच सुजलेली. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उठलेली असते. या आजारावर मेथोट्रेक्सेटसारखं औषधसुद्धा गुण दाखवायला सहा ते बारा आठवडे घेतं. आमची आयुर्वेदातली जी औषधं आहेत, सिंहनाद गुग्गुळ म्हणा, एरंडेल-सुंठ म्हणा, ती तर त्याहून सावकाश चालणारी. आठ दिवसांत, खरं तर दोन-तीन दिवसांतच, सुजलेली मनगटं सपाट करणारं एकच औषध मला माहीत आहे आणि ते म्हणजे स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, यातलं काहीतरी कुटून चूर्णात मिसळायचं आणि शंभर टक्के आयुर्वेदिक म्हणून द्यायचं हा धंदा जुना आहे. तुमच्या पुड्यांत तेच आहे असं मी न बघता छातीठोक सांगणार नाही, पण माझ्या दवाखान्यात असं चूर्ण इतक्यांदा आलंय की आता पेशंटचा स्टेरॉइडनं होतो तसा गुबगुबीत चेहरा दारातनं आत येताना दिसला तरी मला पुडी आठवते.

एकदा राधानगरीकडच्या एक मावशी आल्या होत्या. मुलगा आणि सून बरोबर. तक्रार काय तर शुगर काही केल्या खाली येईना, डॉक्टरनं दोनदा गोळ्या वाढवल्या, आणि पहाटे मात्र घाम सुटून हातपाय थरथरतात. म्हणजे शुगर वाढतेय पण आणि पडतेय पण. विचारलं, मावशी अजून काय काय घेता. "काय घेत न्हाई ओ डॉक्टर, एवढ्या दोनच गोळ्या." सून मागनं डोळ्यांनी खुणावत होती. मी म्हटलं उद्या घरात जे काय तोंडात जातंय ते सगळं पिशवीत घालून आणा, चूर्ण, काढा, रस, तेल, शेजारणीनं दिलेलं, पाव्हण्यानं दिलेलं, सगळं. दुसऱ्या दिवशी बाजारची नायलॉनची पिशवी आली आणि मी ती टेबलावर पालथी केली. शुगरच्या ग्लिमेपिराइडची पट्टी, बीपीची लघवी होणारी गोळी, दोन्हीला मिळून रबरबँड लावलेला. कॉफीच्या बाटलीत जांभळाच्या बियांची पूड. थंड पेयाच्या बाटलीत कारल्याचा रस. खोकल्यासाठी ज्येष्ठमधाच्या काड्या, रोज दोन-तीन चघळायच्या. आणि सगळ्यात खाली, साडीच्या दुकानातल्या पिशवीत गुंडाळून, वर्तमानपत्राच्या कागदातल्या चॉकलेटी रंगाच्या पुड्या, गुडघ्यासाठी, आठ महिन्यांपासून. एक पुडी पांढऱ्या कागदावर पसरली तर चूर्णात बारीक पांढरे कण, गोळी खलात नीट कुटली नाही की राहतात तसे.

आता बघा काय चाललं होतं. पुडीतलं स्टेरॉइड शुगर वर ढकलत होतं. कारलं आणि जांभूळ ग्लिमेपिराइडच्या जोडीनं पहाटे तीच शुगर खाली ओढत होते. ज्येष्ठमध रोज जास्त खाल्लं की बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं, ते एकटंच तसं करतं, वर लघवीची गोळीही पोटॅशियम घालवणारी. आणि यातलं काहीही माहीत नसलेला डॉक्टर कागदावरचा शुगरचा आकडा बघून गोळ्या वाढवत होता, त्याचं काय चुकलं? सकाळी ८ वाजताचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासलं तर अगदी तळाला गेलेलं, म्हणजे बाहेरनं इतके महिने स्टेरॉइड येत होतं की शरीरानं स्वतःचं बनवायचंच बंद केलं. तिथनं पुढं फिजिशियनच्या हाताखाली मोजूनमापून डोस उतरवत आणायला कित्येक महिने गेले.

म्हणून तुमच्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट आधी सांगतो. पुड्या खरोखर आठ-दहा दिवसच झाल्या असतील तर बहुतेक वेळा तशाच बंद करता येतात, सूज परत येईल ही तयारी ठेवून. पण तीन आठवड्यांच्या वर गेलं असेल तर माझं किंवा कुणाचंही ऐकून घरच्या घरी एकदम बंद करू नका. अचानक तोडलं की गळून जाणं, उलट्या, बीपी खाली जाणं, असं होतं आणि त्यातनं जिवावर बेतू शकतं. आधी फिजिशियनला दाखवा. मेथोट्रेक्सेटचंही तसंच, मधे राहिलेले डोस भरून काढायला एकदम दोन-तीन आठवड्यांच्या गोळ्या देऊ नका, आणि आठवड्याची गोळी चुकून रोज तर अजिबात नको, त्यानं माणसं दगावलेली आहेत. कधीपासून आणि कितीनं परत सुरू करायचं हे डॉक्टरच रक्त तपासून सांगतील.

आता "दोन्ही बरोबर चालतं का". यावर लोकांना हो किंवा नाही ऐकायचं असतं आणि मला दोन्ही सांगता येत नाही. कोइमतूरला आमवाताच्या ४३ पेशंटवर एक अभ्यास झाला, २०११ साली छापून आला, एका गटाला आयुर्वेद, एकाला मेथोट्रेक्सेट, एकाला दोन्ही, कोण काय घेतंय हे पेशंटला आणि डॉक्टरला दोघांनाही माहीत नाही असा नीट केलेला, आणि ३६ आठवड्यांनी तिन्ही गट साधारण सारखे सुधारले. आमच्यातले बरेच लोक हा अभ्यास छाती फुगवून सांगतात. मलाही त्याचं कौतुक आहे, पण ४३ म्हणजे तीन गटांत विभागले की एकेका गटात चौदा-पंधरा माणसं, आणि ती औषधं प्रत्येकाची प्रकृती बघून, काय घातलंय ते माहीत असलेली, रक्त वरचेवर तपासत दिलेली. त्या अभ्यासाचं नाव घेऊन वर्तमानपत्राच्या कागदातली पुडी कशी काय खपवता येईल? आणि आमवातात सांध्याची बरीचशी झीज पहिल्या एक-दोन वर्षांतच होते, वाकडी झालेली बोटं नंतर कुठल्याच पॅथीनं सरळ होत नाहीत. स्टेरॉइडनं दुखणं झाकलं जातं, सासूबाईंना वाटतंय आजार गेला, पण मेथोट्रेक्सेट सुटल्यामुळं आत झीज चालूच असू शकते.

मेथोट्रेक्सेट चालू असताना मी स्वतः काय देतो विचाराल तर फार थोडं. वाळूचा कोरडा शेक देतो, कापडात वाळू बांधून तव्यावर गरम करून. तेल नाही. आमवातात सूज गरम असताना तेल चोळू नये हे आमच्याच शास्त्रात सांगितलंय, आणि तरी जो तो टीव्हीवरचं तेल आणून सुजलेली मनगटं रगडतोय. स्वयंपाकातलं आलं, सुंठ, हळद बिनधास्त, हळदीच्या कॅप्सूल मात्र नकोत, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर. एरंडेल मी एरवी देतो पण मेथोट्रेक्सेटवाल्याला जपून, कारण जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं की किडनी ते औषध नीट बाहेर टाकत नाही आणि ते अंगात साठतं. आणि गुळवेल तर नकोच. कोरोनात आख्ख्या कोल्हापुरानं कंपाऊंडवरची गुळवेल उपटून काढा करून प्यायली, त्यानंतर २०२१ मधे मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेले सहा पेशंट नोंदवले. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही, वाद झाला, पण माझा हिशोब साधा आहे, मेथोट्रेक्सेटचा ताण लिव्हरवर पडतोच म्हणून तर आपण दर दोन-तीन महिन्यांनी लिव्हरची तपासणी करतो, मग त्याच लिव्हरवर अजून एक वाद असलेलं औषध कशाला टाकायचं. वर गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवते म्हणून विकतात, आणि इथं तर प्रतिकारशक्तीच नको तिथं चवताळलीय.

भस्मांबद्दल, म्हणजे धातू जाळून केलेल्या औषधांबद्दल, पण विचारतील मामेसासरे. २००४ साली अमेरिकेत बॉस्टनच्या आसपासच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली तर १४ मधे शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शास्त्रोक्त केलेलं भस्म वेगळं असं आम्हाला शिकवलं, आणि मी ते तरुणपणी हिरीरीनं भांडून सांगायचो. आता माझ्यासमोर आलेली डबी शास्त्रोक्त केलेली आहे का नाही हे मला दवाखान्यात बसून कळत नाही, म्हणून मी रसौषधी, म्हणजे पारा आणि धातू घातलेली औषधं, लिहिणं जवळपास बंद केलंय. आमच्यातल्या काही जणांना हे पटत नाही, असो.

लोक म्हणतात मग इतक्या लोकांना गुण कसा येतो. येतो की. काविळीचं बघा. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, पाण्यातनं पसरलेली, तेव्हा गावोगावच्या काविळीच्या औषधवाल्यांकडं रांगा. कुणी नाकात थेंब टाकतंय, कुणी माळ घालतंय, कुणी ताकातनं पाला देतंय. पाण्यातनं होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच उतरते, त्या आठवड्यांत ज्याच्याकडं गेला त्याचं नाव होतं. मी काही न देता नुसतं बघत बसलो असतो तरी माझंही नाव झालं असतं. वांदा होतो तो उरलेल्यांचा. गरोदर बाईला शेवटच्या तिमाहीत हेपटायटिस ई, म्हणजे अशीच पाण्यातनं होणारी एक कावीळ, झाली तर पाचातली एक दगावू शकते. आणि साठीच्या माणसाला न दुखता कावीळ झाली आणि अंगाला खाज सुटली तर पित्तनलिकेत अडथळा आहे का हे सोनोग्राफीनंच कळतं, माळेनं नाही. माळ गळ्यात ठेवून सोनोग्राफीला गेला तर माझी काही तक्रार नाही, खरंच नाही.

तालमीचंही तसंच. मी स्वतः लहानपणी लाल मातीत लोळलोय, मुरगळलेला घोटा, धरलेली पाठ आमचे वस्ताद असं चोळून द्यायचे की दुसऱ्या दिवशी पोरगं परत आखाड्यात. स्नायूचं ज्ञान त्यांच्या अंगठ्यात असायचं, ते मी नाकारणार नाही. पण एकदा संध्याकाळी एका पोराला आणला, पडून हात मोडलेला, कुठनंतरी बांधून आणलेला, अंडं आणि उडदाच्या पिठाचा लेप, वर बांबूच्या कामट्या करकचून. पोरगं रडून रडून गप्प झालेलं. बोटं निळसर, गार, नख दाबून सोडलं तर गुलाबी होईना, बोट सरळ करायला गेलो तर किंकाळी. मी कात्रीनं सगळं कापून काढलं आणि तसाच हाडांच्या डॉक्टरकडं पळवला. थोडक्यात वाचला, रात्रभर तसंच राहिलं असतं तर हात कायमचा आखडला असता. बांधणारा माणूस वाईट नव्हता, पैसे पण घेतले नव्हते त्यानं.

होमिओपॅथीबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी पुढचा प्रश्न तोच येणार. थोडक्यात, १२ सी पोटन्सीच्या, म्हणजे शंभरपट पातळ करणं बारा वेळा झाल्याच्या, पुढं मूळ औषधाचा एक रेणूसुद्धा उरण्याची शक्यता जवळपास नसते, आणि २०१५ मधे ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेनं सगळे अभ्यास चाळून सांगितलं की एकाही आजारावर भरवशाचा पुरावा नाही. माझी सख्खी मेहुणी होमिओपॅथ आहे आणि हे मी तिच्याकडं पांढरा रस्सा पिऊन झाल्यावरच बोलतो, आधी नाही. पण तिच्या दवाखान्यात एका पेशंटला पाऊण तास मिळतो आणि ज्याच्या अंगात तिच्या हाताला गाठ लागते त्याला ती त्याच दिवशी माझ्याकडं नाहीतर सर्जनकडं पाठवते, लिहून चिठ्ठी देऊन. असं पाठवणारा माणूस कुठल्याही पॅथीचा असला तरी मला चालतो. कॅन्सरमधे तर वेळेत न पाठवणं फार महाग पडतं, अमेरिकेत २०१८ ला छापलेल्या एका अभ्यासात नेहमीचे उपचार सोडून नुसते पर्यायी उपचार घेतलेल्यांत मृत्यूचा धोका अडीच पट होता, स्तनाच्या कॅन्सरमधे पाच पटीच्या वर.

उलट बाजूही सांगतो नाहीतर अन्याय होईल. भगंदराला, म्हणजे गुदद्वाराजवळच्या वाहत्या नळीसारख्या जखमेला, क्षारसूत्र म्हणजे औषध लावलेला दोरा हा आमचा जुना उपाय, आयसीएमआरनं, म्हणजे देशाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेनं, स्वतः अनेक केंद्रांवर ऑपरेशनशी तुलना केली, १९९१ ला निकाल आला, जखम भरायला आठ आठवडे लागले, ऑपरेशनला चार, पण वर्षभरात परत होण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के आणि ऑपरेशनमधे ११. मी आजही पेशंट तिकडं पाठवतो. आणि सर्पगंधा, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ मधे बीपीवर तिचा अभ्यास इंग्लंडच्या जर्नलमधे छापला आणि जगभर ती गेली. मोजून बघितलं म्हणून गेली, नाहीतर परसातच राहिली असती.

डॉक्टर ओरडतात हे तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं आहे आणि त्यात आमची चूक आहे. ओपीडीत दोन मिनिटं, वर "जडीबुटी खायची असेल तर माझ्याकडं येऊ नका" म्हटलं की पेशंट जडीबुटी सोडत नाही, सांगायचं सोडतो. वैद्यही काही कमी नाहीत, "त्या इंग्रजी गोळ्या आधी बंद करा मग माझं औषध चालेल" हे वाक्य ज्यानं ज्यानं म्हटलं त्याच्याकडनं मी माझ्या घरच्या माणसाला उठवून आणीन. आणि आता आमचंच बोलतो, महाराष्ट्रात आम्ही बीएएमएसवाले सर्रास अॅलोपॅथी लिहितो, आम्हाला इथं तशी मुभा आहे, होमिओपॅथना २०१४ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर एक वर्षाचा कोर्स करून मिळते, त्याआधी १९९६ ला मुंबईच्याच एका केसमधे तापात अॅलोपॅथी देणाऱ्या होमिओपॅथला सुप्रीम कोर्टानं निष्काळजी ठरवलं होतं. सांगायचा मुद्दा, पाटीवर "डॉक्टर" एवढंच वाचून खुर्चीत कोण बसलंय ते कळत नाही, पदवी आणि नोंदणी नंबर वाचत चला. पुड्या देणाऱ्याची पाटी होती का हे पण विचारा मामेसासऱ्यांना.

तर उद्या असं करा. त्या पुड्यांतल्या दोन-तीन न उघडता बाजूला काढून ठेवा, टाकू नका, तपासायला द्यायची वेळ आली तर लागतील. कारखान्याचं नाव, लायसन्स नंबर, बॅच, घटक, मुदत यातलं काहीच कागदावर नसेल तर अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करता येते. सासूबाईंना नेहमीच्या डॉक्टरांकडं न्या, त्यांच्याकडं जायचं धाडस होत नसेल तर सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्याच्या, मेडिसिन ओपीडीत न्या, पण सगळी पिशवी घेऊन. बीपी, शुगर, सोडियम-पोटॅशियम, लिव्हर, किडनीसाठी क्रिएटिनिन, रक्तपेशींसाठी सीबीसी, आणि पुड्या लांबल्या असतील तर सकाळचं कॉर्टिसॉल, हे त्यांना सुचवलंत तर ते ओरडणार नाहीत, उलट बरं वाटेल. भांडण टाळायला पहिलं वाक्य असं म्हणा की "साहेब, आईंनी दुखणं सहन होईना म्हणून हे घेतलं, आता पुढं काय करायचं ते तुम्ही सांगा." आणि आठच दिवस झाले यावर लगेच विश्वास ठेवू नका, सासूबाई झोपल्यावर डबा बघा, रिकाम्या पुड्यांचे कागद बऱ्याच जणी चुलीत नाहीतर गादीखाली घालतात.